उलटं पॅडल

बावीस सायकली पाठवल्या मी
रॉटरडॅमच्या धक्क्यावरून, तीन महिने आधी,
प्रत्येकीची चेन स्वतः रॉकेलमध्ये धुऊन,
मडगार्डांना निळा रंग मारून.
चाळीस वर्षं परक्यांची पंक्चरं काढली,
म्हटलं, एकदा आपल्यांसाठी.

आपले म्हणजे कोण, ते ठाऊक नव्हतं.
बापाच्या तोंडून गाव ऐकलेलं, तेवढंच:
सांतो आंताव बेट, रिबेरा द पोम्बा.
समुद्र दिसतो, म्हणायचा,
आणि मग गप्प.
कुठून दिसतो
हे विचारायचं सुचलं नाही मला.

वरून दिसतो.
रस्ता संपतो तिथून चारशे अकरा पायऱ्या वर,
काळ्या दगडाच्या, गुडघाभर उंच,
मध्येच गाढवाची लीद,
आणि दोन्ही अंगांना वावराच्या पट्ट्या,
इतक्या अरुंद
की पेरणारा शिंकला तर खालच्याच्या शेतात पडावा.
अख्ख्या गावात मांडी घालायला सपाट जागा नाही,
आणि मी चाकं घेऊन आलेलो.

कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.
माणसं रांगेनं उतरली,
एकेक सायकल खांद्यावर घेऊन चढली,
आजाऱ्याला न्यावं तशी, जपून.
एदनेया मास्तरीणबाईंनी फळ्यावर माझं नाव लिहिलं,
एक अक्षर चुकवून.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
नंतर बाई हळूच म्हणाल्या,
"पुढल्या खेपेला आधी पत्र टाका."

आठवडाभर सायकली भिंतीला टेकून.
मग जेल्सा नावाच्या पोरीनं, वय अकरा,
एकीचं पुढचं चाक काढलं, टायर सोलला,
रिम टांगली नीरफणसाच्या फांदीला,
दोर ओवला,
आणि खालच्या झऱ्यावरचा डबा
सरसर वर आला.
तिची आई रोज असे चार डबे डोक्यावर आणायची.
तिनं डब्याकडे पाहिलं,
मग स्वतःच्या मानेला हात लावला.

मी म्हटलं, उरलेल्याही खोला.
पोरं म्हणाली, नाही.
चालवायच्यात.

कुठं?

चरकावर.

गावाच्या टोकाला उसाचा लाकडी चरक,
बंद पडून वीस वर्षं झालेला,
त्याच्याभोवती गोल वाट,
बैलांच्या खुरांनी
आणि बैलांमागच्या तळव्यांनी घासून घासून
ताटासारखी झालेली.
न्यो तितीननं काठीनं दाखवलं:
तुझा बाप इथंच फिरायचा, आठव्या वर्षापासून.
एकदा म्हणाला, फिरून फिरून तिथंच येतोय मी,
आणि पायऱ्या उतरून गेला.
बैल सोडायचा राहिला.
दिवस मावळेपर्यंत एकटाच फिरत होता बिचारा,
आम्हाला वाटलं, मागे पोर आहे.

मी त्या वाटेवर उभा राहिलो.
तेवढ्यात सहा वर्षांचा दुल्सिनो
माझ्या अंगावरून भन्नाट गेला
आणि सरळ चरकावर आदळला.
गुडघा फुटला. सायकलला काही झालं नाही.
ब्रेक कुठाय, तो रडत विचारत होता.

सांगायचंच विसरलो होतो.
आमच्याकडच्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो.
थांबायचं तर पाय मागे रेटायचा.
पण मला त्यांच्या बोलीत
'मागे' हा शब्दच येईना.
बापानं घरात तो कधी वापरला नव्हता.

मग एक सायकल उलटी केली,
हातानं पॅडल उलटं दाबून दाखवलं.
पोरांची डोकी माझ्या डोक्याला लागलेली,
चाक थांबलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं.
"पा त्राश," जेल्सा म्हणाली.
मी म्हटलं, पा त्रास.
"त्राश."
त्रास.
सगळी खो खो हसली, दुल्सिनोसुद्धा,
नाकात शेंबूड, गुडघ्यावर माझा रुमाल.
"पुन्हा म्हण," म्हणाला.